देवाची पायली

गुणाबाईच्या रागाला चामोर्शीकडचं ते अख्खं गाव टरकून असे. बाई विधवा, पन्नाशीची, चार एकर धानाची मालकीण आणि बायांच्या भजनाची म्होरकी. भजनात कोणी उगाच गळा काढला की ती मध्येच थांबवून विचारायची, "देव काय बहिरा हाये?" तिचा देव मार्कंड्याचा महादेव. दर महाशिवरात्रीला ती वैनगंगेकाठी चालत जायची. त्रेपन्न सालच्या यात्रेत तिनं तिथंच शपथ घेतली: गावात बाळंतिणींची खोली बांधीन, तोवर पुन्हा इथं देवाला तोंड दाखवणार नाही.

त्याला कारणही तसंच होतं. तिची लेक रंभा पहिलटकरीण, दोन दिवस अडली, आणि चांद्याच्या दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच गेली, पोटातल्या लेकरासकट. सरकारी साहेब म्हणत होता की गावानं खोली बांधून द्यावी, नर्सबाई आम्ही देतो. पण बांधायची कशानं?

मळणी झाली की रास मोजण्याआधी पहिली पायली देवाची म्हणून बाजूला काढायची, ही तिकडची रीत. ती पायली देवळात जायची आणि पुढं तिचं काय व्हायचं ते कोणी विचारायचं नाही. गुणाबाईनं खळ्याखळ्यावर जाऊन तीच मागितली. "देवाले भूक नाई लागत. त्याची पायली मले द्या." दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर लोकांनी हाकलून दिलं असतं. तिला दिली. नेम मात्र तिचा कडक होता. एक घर सोडायचं नाही, आणि एका पायलीच्या वर कोणाकडून दाणा घ्यायचा नाही. दोन पायल्या देणाऱ्याची मान वर होते आणि एक देणाऱ्याची खाली जाते, असं ती म्हणायची. चुड्या विकणाऱ्या नईमला शेत नव्हतं. तो बिचारा बाजारातून धान विकत घेऊन आणायचा. सगळं देवळाच्या पडवीत, एकाच कणगीत.

तीन हंगाम असे गेले. पंचावन्न सालच्या पौषात ती सरकारी कागदासाठी चार दिवस चांद्याला गेली आणि परत येऊन पाहते तो पडवीत कणग्या दोन.

देवळाच्या कमिटीचा मुख्य भैयाजी तिथंच बसला होता. त्याचा नागपूरचा मेहुणा, कोट घातलेला वकील, वर्गणी कशी गोळा करावी हे गावाला शिकवायला आला होता. त्यानं समजावलं, "बाई, पायली-पायलीनं तुमची खोली होणार कधी? मोठा दाता धरायचा असतो. त्याची मर्जी राखायची असते." मोठा दाता त्यानं धरलाही होता, ब्रह्मपुरीचा एक सेठ. भिंती, छपराचे कवेलू, सगळं देणार. अट एवढीच की दगडावर त्याच्या बापाचं नाव पाहिजे, आणि गावाबाहेरच्या पुऱ्यातल्या, गाव शिवत नाही अशा बायांसाठी मागं वेगळं खोपटं. म्हणून पुऱ्याचं धान आधीच पायल्या मोजून वेगळ्या कणगीत काढलं होतं. त्यांचं धान त्यांच्या खोपट्याला, हिशेब सरळ.

"अन् हे तुमी मले न इचारता केलं?" गुणाबाई म्हणाली.

"गावाच्या भल्यासाठीच केलं ना," भैयाजी म्हणाला. तो तिच्याकडं पाहत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेठ आला. पडवीत सतरंजी अंथरली होती, चहा ठेवला होता. गुणाबाई भजनाच्या बाया घेऊन आली आणि तिनं दोन्ही कणग्या ओढून आडव्या पाडल्या. धान सतरंजीवर, सेठच्या पायापर्यंत आलं. तिनं पायानंच दोन्ही ढीग एक केले.

"निवडा आता," ती म्हणाली. "कोनता दाना कोनाचा, ते मले दाखवा."

सेठनं जोडे घातले आणि तो निघून गेला. वकील त्याच्या मागं पळाला. भैयाजी संतापून म्हणाला, "बाई, तुमी खोली बुडवली."

त्याच तावात ती पुऱ्यात गेली, मंगलीकडं. मंगली गावाची सुईण. गावातली निम्मी लेकरं तिच्याच हातावर आलेली, गुणाबाईची तिन्हीसुद्धा. मंगलीच्या सुनेला चौथा महिना होता. गुणाबाईनं आवेशानं सगळं सांगितलं. मंगली धान पाखडत होती, ती पाखडतच राहिली.

"बरं केलं," ती म्हणाली. "पन गुणाबाई, तू इथी येतेस तवा टोपलं खाली ठेवतेस अन् चार पावलं मागं सरतेस. आमी धान वततो. मंग तू त्याच्यावर पानी शिंपतेस, तवा उचलतेस. भैयाजीनं कनगी चार दिवसांखाली वेगळी केली. तुही कनगी त पयल्या सालापासून वेगळीच हाये."

गुणाबाईच्या तोंडाशी शिवी आली. पाणी शिंपायचं हे तिनं आईचं पाहिलेलं. त्यात काही विचार करण्यासारखं आहे हे तिच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. तीन वर्षं देवाच्या नावानं दारोदार फिरली आणि हे दिसलं नाही. ती उठून घरी गेली, आणि स्वतःचा इतका राग आला तिला की दोन दिवस चूल पेटवली नाही.

तिसऱ्या दिवशी मंगली स्वतः देवळापुढं आली. हातात तिच्या घरची, त्या सालची द्यायची राहिलेली पायली होती. पारावर भैयाजी होता, भजनाच्या बाया होत्या.

"आमचे लोक विटा पाडतीन, भिंती उचलतीन," मंगली म्हणाली. "पन खोलीत पयली बाळंतीन माही सून जाईन. दार पुढचंच. अन् तिच्या उशाशी तू बसशील, तिले धरशील. कबूल नसन त आमच्या पायल्या वापस दे."

भैयाजी हसला. "सेठची अट नको होती ना बाई? घ्या आता."

गुणाबाईचा चेहरा लाल झाला होता. सेठला हाकलताना तिचं स्वतःचं काहीच जात नव्हतं. आता जाणार होतं. घरात जावा होत्या, सोयरे होते, आणि मागं उभ्या असलेल्या अकरा बायांची कुजबूज तिला ऐकू येत होती.

"कबूल," ती रागानंच म्हणाली.

मंगलीनं सवयीनं टोपलं कुठं आहे ते पाहिलं. गुणाबाई चार पावलं पुढं गेली आणि तिनं पदर पसरला.

"वत."

मंगलीनं पायली पदराच्या काठावर टेकवली. मग ती रिकामी केली. गुणाबाई पदरातलं धान घेऊन वळली तेव्हा अकरातल्या सहा बाया निघून गेल्या होत्या. बाकीच्या पाच बाजूला झाल्या आणि त्यांनी तिला देवळाच्या पडवीत जायला वाट दिली.