हळदीच्या चार दिवस आधी

माणसाच्या कातडीची माझ्या बायकोइतकी काळजी खुद्द देवानेही केली नसेल. त्याने कातडी दिली, वर केस लावले आणि तो मोकळा झाला. ते केस उपटल्यावर कातडीचं काय होतं, हे बघायचं काम त्याने आमच्या हिच्यावर सोडलं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेही त्यातलंच. गेल्या फाल्गुनातला रविवार होता. ती चुलीपुढे साखरेचा पाक ढवळत होती, मी ओट्यावर बसून लिंबं पिळत होतो. वाटी आत सरकवली तर तीत एक बी राहिलेली. तिने ती बोटाने काढली, माझ्या अंगावर उडवली आणि म्हणाली, "डोले हायत का बटनं?" त्यानंतर जेवायला हाक मारली, दार लावायला सांगितलं, हे सगळं झालं, पण दोघांचे हात एका कामाला लागले ते तेवढेच. सोमवारी सकाळी तांदूळ निवडता निवडता ती बसल्या जागी कलंडली.

तो पाक होता वरच्या आळीतल्या एका नवरीसाठी. गुरुवारी तिची हळद होती. हिने तिला रविवारी दुपारी आत घेतलं, तासाभरात दोन्ही पाय केळीच्या गाभ्यासारखे करून दिले आणि बाहेर पाठवताना एवढंच सांगितलं, "आज गार पान्याचं फडकं. बाकी काय नाय. उद्या ये, म्हंजे पुढचं सांगन." ही तिची जुनी खोड. पुढच्या चार दिवसांचं पथ्य ती कधी एकदम सांगायची नाही, रोज सकाळी त्या दिवसापुरतं सांगायची. मी एकदा विचारलं, एकदाच सांगून का टाकत नाहीस? म्हणाली, "पोरी शेवटचं पहिलं करतात." तेव्हा मी हसलो होतो. त्या सोमवारी ती गेली आणि वरच्या आळीतल्या मुलीचं तीन दिवसांचं पथ्य तिच्याबरोबर गेलं.

ही विद्या पनवेलची नव्हे. लहानपणी तिला बापाने मुंबईला एका इराणी बाईकडे मुलं सांभाळायला ठेवलं होतं. ती बाई साखर, लिंबू आणि पाण्याचा पाक करून पायांचे केस काढायची, ते हिने बघून उचललं. लग्न होऊन इथे आली तेव्हा हात शिवशिवत होते, पण पाय द्यायला कोण तयार? घरात चार पाय, त्यातले दोन तिचे स्वतःचे. राहिलेले दोन कुणाचे ते सांगायला नको. मी मिठागरावर कामाला होतो. तिथलं पाणी म्हणजे नुसतं खाडीचं पाणी नव्हे, उन्हात आटवून आटवून जहर झालेलं खारं पाणी. तिने संध्याकाळी माझे पाय केले आणि सकाळी मी त्यात उतरलो. पुढचं मला नीट आठवत नाही. बरोबरचे गडी सांगायचे, की मी बांधावर उभा राहून सासऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तसाच घरी आलो. वाटलं, बायको बिचारी रडेल. तिने खाली बसून दिवा लावून माझ्या पोटऱ्या बघितल्या, कुठे लाल, कुठे फोड, कुठे नुसती आग, सगळं विचारून घेतलं आणि खूश होऊन म्हणाली, "म्हंजे खारं पानी दोन दिस नाय." माझ्या जिवापेक्षा तिला नवीन कळल्याचा आनंद मोठा.

तिथून माझ्या पायांची शाळा सुरू झाली. डाव्या पायाला खोबरेल, उजव्याला कोरफड. पुढच्या महिन्यात डाव्याला ताक, उजव्याला काही नाही. ज्याला काही नाही तो पाय माझाच आहे, त्यालाही दुखतं, हे मी सांगून बघितलं. "त्या पायावरनं तर दुसऱ्याचं कलतं," म्हणाली. आम्ही धोतर वर खोचून काम करणारी माणसं. माझ्या गुळगुळीत पोटऱ्या बघून मुकादम म्हणाला, "अरे, मग मिशी तरी कशाला ठेवलीस?" तेव्हा मी मिशी दुप्पट वाढवली.

पण तिची शिस्त अशी, की डॉक्टरने मान खाली घालावी. पाय आधी धुऊन कोरडे करायचे, घामाचा थेंब चालायचा नाही. वर तांदळाचं पीठ भुरभुरायचं. पाक आधी स्वतःच्या मनगटावर, मग माझ्या पोटरीवर, मग नवरीला. पट्ट्या माझ्या जुन्या धोतराच्या, कधी कधी नव्याच्याही. ओढताना दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची आणि एका जागेवरून दोनदा ओढायचं नाही. एखादा केस राहिला तर म्हणायची, "राहू दे, त्याला पन जगू दे." साखर रेशनवर होती तेव्हा घरात साखरेचा चहा बंद. पाव्हण्याला गुळाचा चहा आणि नवरीच्या पोटरीला साखर. माझा मोठा भाऊ एकदा त्यावरून उठून गेला. ती म्हणाली, "त्यांना कुठं हळदीला बसायचंय?"

हळदीच्या चार दिवस आधी, हा तिचा मोठा नियम. ताज्या ओढलेल्या पायांना हळद चोळली की आग होते, पुरळ उठतं, आणि नवऱ्याकडच्या बायका पाय बघून म्हणतात, पोरीला काहीतरी रोग आहे. कोन गावच्या एका बाईने ऐकलं नाही. हळदीच्याच दिवशी सकाळी मुलीला घेऊन दारात उभी. हिने साफ नाही म्हटलं. बाई तणतणत घरी गेली. लग्नाचं घर, साखर होतीच. तिने स्वतः पाक केला, कढत कढत लावला आणि मुलीचे पाय उकडलेल्या चिंबोरीसारखे लाल करून ठेवले. दुपारी निरोप आला. ही टांग्यात बसली ती पदरात कोरफड बांधून, आणि कोन येईपर्यंत त्या बाईला शिव्या घालत होती. मी शेजारी बसलो होतो म्हणून निम्म्या मला लागल्या.

नवऱ्याची आई आणि तिच्याकडच्या बायका हळद घेऊन आल्या. एकीने मुलीचं लुगडं वर सारायला हात घातला, तशी ही मध्ये बसली. म्हणाली, "थांबा. तोंडाला लावा, हाताला लावा. पायाला नाय. आमच्यात पाय देवीचे. पायाला तिसऱ्या दिशी." असं आमच्यात काही नव्हतं. कुणातच नव्हतं. नवऱ्याच्या आईने विचारलं, "कंच्या देवीचे?" ही म्हणाली, "सगल्याच देवींना पाय हायत." मग एकेकीने हळद मुलीच्या तोंडाला आणि हाताला लावली. लग्न लागलं, तिसऱ्या दिवशी पाय निवळले, मुलगी सुखाने नांदली. पुढे दोन वर्षांनी आम्ही कोनला दुसऱ्या हळदीला गेलो, तर तिथे नवरीचे पाय झाकून ठेवलेले. हिने मुद्दाम विचारलं, असं का? एक म्हातारी फिसकारली, "तुमी पनवेलवाल्या, तुमाला रीत कुठं ठावं?" ही घरी येईपर्यंत टांग्यात हसत होती.

तर त्या सोमवारी दुपारी तिला पोचवून आलो. संध्याकाळी शेजारच्या बायका येऊन बसल्या. आधी रडल्या. मग वरच्या आळीतल्या मुलीचं निघालं. सगळ्यांचे पाय कधी ना कधी हिच्या हातून गेलेले, पण पथ्य रोजचं रोज ऐकून रोजचं रोज विसरलेल्या. एक म्हणाली, दुसऱ्या दिवशी लिंबू चोळायचं. दुसरी म्हणाली, लिंबू नव्हे, हळद आणि दूध. तिसरी म्हणाली, मला तर काहीच लावलं नव्हतं. डोळे पुसता पुसता त्यांची जुंपली. त्यातच एकीने सांगितलं, "पोरीची आई बोलली, आता सांगनारं कोन राहिलं? उद्या दुपारी कढत पान्यानं न्हाऊ घालते आन् बेसनानं खसाखसा घासते." हे ऐकलं आणि माझ्याच पोटऱ्या आवळल्या. ते करून बघितलेलं आहे, उजव्या पायावर. गुरुवारी त्या मुलीच्या पायांवर मोहरीएवढे फोड उठले असते आणि पाय झाकून धरायला आता कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो आणि वरच्या आळीत गेलो. मला सुतक, त्यांच्या दारात मांडव. मांडवाची सावलीसुद्धा अंगावर येऊ नये म्हणून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभा राहिलो आणि हाक मारली. मुलीची आई बाहेर आली, मला बघून तिचा हात तोंडाशी गेला. "बाबा, तुमाला सुतक हाय."

"म्हनून तर लांबून बोलतोय," मी म्हणालो. "पोरीच्या पायांचं ऐक."

लांबून बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. मी ओरडून सांगितलं, की आज पाणी गार, कढत नाही. बेसन नाही, लिंबू नाही, खोबरेल तेल पातळ लावायचं आणि पायावर ऊन घ्यायचं नाही. उद्या भाताचा बारीक कोंडा मऊ फडक्यात घालून, ओला करून, हलक्या हाताने गोल फिरवायचा, म्हणजे नवा केस आत वळत नाही. गुरुवारी हळद खुशाल लावा, पण तेलात कालवून. मग आईकडून सगळं पहिल्यापासून म्हणून घेतलं. ती दोनदा चुकली. तोवर आळीतली सगळी दारं उघडली होती. एवढा मिशीवाला म्हातारा भर रस्त्यात नवरीच्या पोटऱ्यांबद्दल ओरडतोय, हे बघून बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. हसू देत. त्यांनी ते ऐकलं तर खरं.

मी निघालो, तशी मुलगी दाराशी आली. मान खाली घालूनच तिने विचारलं, "बाबा, खाज सुटली तर?"

हे बायकोने कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. म्हणालो, "खाजवू नको. वरनं तलव्यानं थापटायचं. हलू. मना ती तसंच थापटायची..." आणि वाकून माझीच पोटरी थापटून दाखवली.

मुलीच्या आईने आतून पाण्याचा तांब्या आणला, रस्त्याच्या मधोमध ठेवला आणि मागे सरून उभी राहिली. मी पुढे होऊन पाणी प्यायलो. तांब्या तिथंच ठेवला आणि घरी आलो. घरात पाणी आता मलाच भरायचं होतं.