झेल्माचे करडे वाटाणे

लात्वियातल्या त्या खेड्यात झेल्मा जिभेची तिखट आणि रीतीची पक्की म्हणून ओळखली जाई. वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी गावकरी एक ओंडका दोरीने घरोघर ओढून नेत, वर्षभराची दुःखे त्याच्यावर लादत आणि अखेर तो जाळत. त्या उजेडात सूर्याला परतीची वाट सापडते, ही समजूत चर्चहूनही जुनी. पाद्रीबाबा नाक मुरडत, पण दोरीला हात लावत. त्या दिवशी घरोघरी करडे वाटाणे शिजत. ते उरले, तर पुढचे वर्ष रडण्यात जाई.

झेल्माचा नवरा उन्हाळ्यात वारला होता, तरी सवयीने तिच्या हातून दोघांपुरते वाटाणे शिजले. पोट भरले, तरी पातेले अर्धे उरलेच होते. एवढे रडायचे, तेही एकटीने?

तेवढ्यात ओंडका अंगणात आला. दोरीला शेजारचा इंद्रिकिस होता. त्याने बांधावरचे सफरचंदाचे झाड तोडल्यापासून ती त्याच्याशी बोलत नसे.

"इंद्रिकिस, भूक आहे का रे?"

तो दचकला. "विष नाही ना घातलंस?"

"एवढी चांगली चरबी घातलीय, ती विषापायी नासवू? मुकाट्यानं खा. दाणा उरता कामा नये."

पातेले रिकामे झाले. हात पुसत ती म्हणाली, "झाडाचं मात्र मी विसरले नाहीये हं."

"मग तेही घाल की ओंडक्यावर!"

झेल्माने शाल पांघरली आणि त्याच्या शेजारी दोरी धरली.