आधी शब्द विचारा

कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी क्रिप्टोग्राफी आणि सायबर सुरक्षा शिकवतो. समोर न दिसणाऱ्या माणसाची ओळख कशी पटवायची, हा त्यातला अर्धा विषय. शंका घेण्याचाच पगार मिळत असल्यामुळे स्वभावही तसाच झालाय. घरचा इन्व्हर्टर दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही मी दारात उभं करून आधी त्याच्या दुकानात फोन लावतो. बायको कपाळाला हात लावते.

सुट्टीच्या दिवशी गावोगावी जाऊन मी हेच सांगत असतो. इस्लामपूरजवळच्या एका गावात समाजमंदिरात बायका जमल्या होत्या. त्या गावात घरटी एक तरी पोरगा फौजेत. तिकडून कुणा साहेबाचा हिंदीतला फोन आला की या बायका उभ्या राहून ऐकतात. साहेबाला उलट विचारणं त्यांच्या रीतीत बसत नाही. आणि नेमकं हेच ओळखून लोक त्यांना फसवतात. मी म्हणालो, पोराशी एक शब्द ठरवून ठेवा. फोनवाल्याला तो विचारा. सांगता आला नाही तर फोन कट, नंबर ब्लॉक. आवाज ओळखीचा वाटला तरी भुलू नका, आता आवाजाचीही हुबेहूब नक्कल करता येते.

पहिल्या रांगेत अक्का बसली होती. माझी थोरली बहीण, त्याच गावात दिलेली. तिचा एकुलता एक मुलगा फौजेत आहे. तिनं त्याच दिवशी त्याच्याशी शब्द ठरवला आणि मलासुद्धा सांगितला नाही. मला तिचा भारी अभिमान वाटला.

पुढं एका दुपारी मी तिच्याकडे जेवायला गेलो. ताट वाढता वाढता ती म्हणाली, "सकाळी आला हुता की रं तुजा तो चोर. पोरगं जखमी हाय म्हणं, बोला त्याच्याशी म्हणं. मी शब्द इचारला. गडबडला. दिला कट करून, आन् ब्लॉकबी केला."

"झकास," मी म्हणालो.

"लय तयारीचा हुता पण. पोराचं घरातलं नाव सांगितलं त्यानं."

मी हातातला घास ताटात परत ठेवला. मग मी स्वतःची समजूत घातली. गावात पोरगा भरती झाला की स्टँडवर त्याचा फ्लेक्स लागतो, फोटो आणि टोपणनावासकट. ते कुणीही वाचेल. तरी भाच्याला फोन लावला. बंद. गावातलाच एक जवान त्याच्या युनिटमध्ये आहे, त्याला लावला. लागेना. सकाळच्या नंबरवर उलटा फोन करायचा नाही, हा नियम माझाच.

अक्कानं हातातली पळी खाली ठेवली. "खरं आसंल का रं?"

मी भाच्याचा नंबर पुन्हा लावून पाहिला. बंदच. इतकी वर्षं पोरांना ओळख पटवायला शिकवतोय, आणि सख्ख्या भाच्याची खबर खरी की खोटी ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात अक्काचा फोन वाजला. अनोळखी नंबर. तिनं स्पीकर लावला.

"आई?" जड, अडखळता आवाज.

अक्का बोलायच्या आत मीच म्हणालो, "आधी शब्द सांग."

"मामा... न्हाई आठवत. गुंगी हाय."

माझं बोट लाल बटणाकडे गेलं. खरंच गेलं. अक्कानं माझा हात बाजूला सारला आणि फोन कानाला लावला.

"शब्द नगं सांगू," ती म्हणाली. "नुस्ता बोलत ऱ्हा."

तो भाचाच होता. संध्याकाळी त्या दुसऱ्या जवानाचा फोन लागला, तेव्हा सगळं कळलं. गाडी उलटून पाय मोडला होता. ऑपरेशनला नेण्याआधी आईशी बोलायचं म्हणून सकाळचा फोन भाच्यानंच दवाखान्यातल्या एका साहेबाला लावायला सांगितला होता. अक्कानं कट केला तेव्हा भाचा त्या साहेबाच्या शेजारच्याच खाटेवर, फोन घ्यायला हात पुढे करून पडला होता.