एरंडेलने केलेली खूण

आमच्या थिएटरच्या ऑपरेटरला मी एरंडेल म्हणायचे. सकाळी उठून तेच प्यायल्यासारखं कायम तोंड. मी खाली तिकीट खिडकीत, तो वर केबिनमध्ये. मध्ये चौदा पायऱ्या आणि अकरा वर्षांचा अबोला. आई दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती म्हणून एकदा मी खिडकी दहा मिनिटं आधी बंद केली, तर या सत्यवचनी गृहस्थाने मालकांना जाऊन सांगितलं. मालकांनी मला सगळ्यांसमोर झापलं. तेव्हापासून त्याची सावली दिसली तरी माझं डोकं फिरायचं.

त्यात माळ्यावर एका जुन्या मूकपटाचे डबे सापडले. प्रेमकथा होती. मालकांनी ती रविवारी दुपारी लावायचं ठरवलं, तेही लोकांनी टवाळी करावी म्हणून.

"माणसं कशी टुणटुण उड्या मारत चालतात त्यात! लोक पोट धरून हसतील," ते म्हणाले.

"मशीन जोरात चालवलं की उड्या मारतात," एरंडेल गुरगुरला. "तेव्हाची रिळं हळू चालवायची असतात."

"वेगाला हात लावायचा नाही. एक जरी तक्रार आली, तर केबिनची किल्ली माझ्या टेबलावर ठेवायची."

पहिलं रीळ मालकांच्या मनासारखं झालं. मी मागच्या दारात उभी राहून सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसले. पडद्यावरच्या बाईला कमी, वरच्या माणसाला जास्त. बरी जिरली मेल्याची!

दुसऱ्या रिळाला वेग उतरला. एरंडेलने मशीनचं वेगाचं बटण फिरवलं होतं. पडद्यावरची बाई एका तरुणाच्या कोटाचं तुटलेलं बटण शिवत होती. तिने गाठ मारली आणि दाताने दोरा तोडायला खाली वाकली. तो श्वास रोखून उभा. दोरा तुटला, तरी ती लगेच मागे सरली नाही. एवढंच. आमच्या इतर सिनेमांत तेवढ्या वेळात एक गाणं आणि दोन मारामाऱ्या उरकतात. मला मात्र रडू फुटलं. माझ्याजवळ असं कुणी कधी थांबलं नव्हतं. आणि हे मला दाखवलं कुणी, तर त्या एरंडेलने! त्याचाही संताप आला.

तेवढ्यात तिघं जण उठून दाराशी आले आणि माझ्याशी भांडू लागले. "आम्ही हसायला आलो होतो, झोपायला नाही!" मी त्यांना वाटेला लावलं.

खेळ संपल्यावर मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. "वेग कमी केलास ना? बाई, तक्रार आली का?"

"एकही नाही," मी म्हणाले. कुणासाठी खोटं बोलतेय, याचं मलाच नवल वाटलं.

"तिघं उठून गेले," एरंडेल म्हणाला. "मी झरोक्यातून पाहिलं. ही खोटं बोलतेय."

"तुझी जीभ झडो!" अकरा वर्षांनी त्याच्याशी बोललेले माझे पहिले शब्द हे.

त्याने किल्ली टेबलावर ठेवली. दारापाशी थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाई, वेगाच्या बटणाशेजारी पेन्सिलीची खूण केलीय." आणि गेला. त्याच्या मागे धावून त्याला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं.

पुढच्या रविवारी तोच मूकपट पुन्हा लागला. मशीनवर मालकांचा भाचा होता. दुसरं रीळ सुरू झालं आणि आत हास्याचा गडगडाट झाला. ती बाई आता उड्या मारत बटण शिवायला येणार होती. मी खिडकी लावून घेतली. उशिरा आलेल्या दोघांनी शिव्या घातल्या. चौदा पायऱ्या चढले, "मालकांनी बोलावलंय" म्हणून भाच्याला खाली पिटाळलं, आतून कडी घातली आणि बटण खुणेवर आणलं.

खालचं हसू हळूहळू थांबलं. ती वाकली.

खिडकीची वेळ संपायला अजून दहा मिनिटं होती. पण ते मालकांना जाऊन सांगणारा आता कुणी उरला नव्हता.