काटा अर्ध्याच्या खाली

माझा मामा ट्रकच्या इंजिनाला पालथा हात लावून पाहतो, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. तळव्यांना आता काही कळत नाही. चाळीस वर्षांच्या चटक्यांनी ते बधिर झालेत. बंद केलेल्या इंजिनाला कोणी ‘गार पडलं’ म्हटलेलं त्याला खपत नाही. “गार पडतं ते माणूस. इंजिन निवतं,” असं तो सांगतो. एवढी एक गोष्ट सोडली तर तो शब्दांच्या भानगडीत पडत नाही. घरात बोलायचं खातं मामीकडे आहे आणि ती ते चोख सांभाळते.

लंबू ड्रायव्हर मामाच्या गॅरेजात ट्रक घेऊन आला तेव्हा त्याचा भाऊ जाऊन तीन आठवडे झाले होते. दोघे भाऊ एकाच ट्रकवर. थोरला रस्ता सांगायचा, लंबू चालवायचा. एका लांबलचक चढावर इंजिनातलं पाणी उकळलं. थोरला खाली उतरला, हातात फडकं घेतलं आणि इंजिन निवायची वाट न बघता त्यानं रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफ आणि उकळतं पाणी छातीवर, तोंडावर आलं. अकरा दिवस तो दवाखान्यात होता. लंबू त्या वेळी गार पाण्याचा कॅन धरून मागेच उभा होता.

“मिस्त्री, इंजिनाच्या उष्णतेचा काटा अर्ध्यावर येता कामा नये,” तो मामाला म्हणाला. “कधीच.”

“अर्ध्यावरच असतो रे काटा. इंजिनाची तब्येत तिथंच चांगली राहते.”

“इंजिनाच्या तब्येतीचं मला नका सांगू.”

मामानं पुढे वाद घातला नाही, आणि चूक तिथंच झाली. त्यानं थर्मोस्टॅट काढून टाकला. ही बोटभर झडप पाणी पुरेसं तापेपर्यंत रेडिएटरची वाट अडवून धरते. ती नसली की पाणी पहिल्या मिनिटापासून फिरत राहतं. वर त्यानं मोठ्या गाडीचा जाड रेडिएटर चढवला आणि पंखा सतत फिरेल असा पक्का केला. काटा पावाच्या वर चढेना. मामी म्हणाली, “चला, ट्रकला पंख्याखाली निजवून आलात. आता अंगाईही म्हणा.”

आठ महिन्यांनी लंबू तेल बदलायला आला. तो वाळला होता, पण चेहरा शांत होता. मामानं तेल मोजायची पट्टी ओढून बाहेर काढली. तिच्यावर सायीसारखा पांढरट थर होता आणि तेलाला डिझेलचा वास येत होता. तेल कमी होण्याऐवजी वाढलं होतं.

“हे तेल नाही राहिलं,” मामा म्हणाला. “इंजिन कधी तापतच नाही, त्यामुळे न जळलेलं डिझेल खाली उतरतंय. उतारावर इंजिन धरून जाम झालं तर स्टिअरिंग जड होईल, ब्रेकला हवा मिळणार नाही. झडप परत बसवू.”

“नको.”

“अरे, काट्याची एवढी भीती—”

“भीती नाही आता.” लंबूनं वर चढून इंजिन सुरू केलं. “ऐका.”

टक. टक टक. टक.

“पिस्टन आहे तो,” मामा म्हणाला. “थंड असताना सिलिंडरमध्ये सैल असतो, भिंतीवर आपटतो. तापला की फुगून बसतो, आवाज जातो. तुझा तापत नाही, म्हणून जात नाही.”

“मला डुलकी लागायला लागली की भाऊ अंगठीनं समोरच्या पत्र्यावर असं वाजवायचा,” लंबू म्हणाला. “अजून वाजवतो. परवा वळणावर डोळा लागत होता, तर केवढ्यानं वाजवलं! पिस्टनला माझी झोप कळते का, मिस्त्री?”

सैल पिस्टन घड्याळासारखा एका तालात वाजतो, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. हा आवाज मध्येच थांबत होता. ऐकून घेत असल्यासारखा थांबत होता.

त्यानं घरी मामीला सांगितलं. मामी म्हणाली, “मग राहू द्या ना तो आवाज. तुमचं काय जातंय?”

“राहू दिला तर भावामागोमाग लंबूही त्याच ट्रकपायी जाईल.”

मामी उठून भांडी चाळवायला लागली. मग म्हणाली, “झडप उकळून बघाल ना? ते कान तुटलेलं पातेलं घ्या. दुधाच्या पातेल्याला हात लावलात तर बघा.”

दोन दिवस मामा पातेल्यात झडपा उकळत, तापमापी धरून शेगडीशी बसला होता. नेहमीची झडप ब्याऐंशी अंशांना उघडते. त्याला सत्तरच्या आसपास उघडणारी हवी होती. उष्ण मुलखासाठी बनवलेली एक जुन्या मालाच्या दुकानात सापडली, ती एकाहत्तरला उघडली. मापाला लहान होती, म्हणून त्यानं लेथवर तिच्याभोवती पितळेचं कडं करून घेतलं.

“काटा अर्ध्याच्या केसभर खाली राहील,” त्यानं लंबूला सांगितलं. “रोज सकाळी इंजिन तापेपर्यंतची पहिली दहा-बारा मिनिटं तुझी. मग गाडीची.”

लंबू बराच वेळ त्या कड्याकडे बघत राहिला. “रोज?”

“गाडी निवलेली असेल त्या प्रत्येक सकाळी.”

“आणि नंतर डोळा लागला तर?”

“तर गाडी बाजूला घ्यायची आणि झोपायचं. जिवंत माणसं तसंच करतात.”

लंबूनं मान डोलावली.

पुढचं मला मामीनं सांगितलं. ती एरवी प्रत्येक गोष्टीत पदरचे चार शब्द घालते, पण ही नेहमी थोडक्यातच सांगते.

नवी झडप बसवून दोघे सकाळी चाचणीला निघाले. लख्ख ऊन होतं. मामा पुढच्या सीटवर बसायला गेला तर लंबू म्हणाला, “मिस्त्री, तुम्ही मागे बसा.” मामा मागच्या झोपायच्या फळीवर बसला. तिथून त्याला काटा दिसत होता आणि पुढची रिकामी सीटही. सीटचं रेक्झिन मधोमध दबलेलं होतं, कडेनं चुण्या पडल्या होत्या. जुना फोम, मामाच्या मनात आलं.

टक टक. टक.

काटा पावावरून वर सरकला. आवाज विरळ झाला. लंबूनं एकदाही डावीकडे पाहिलं नाही. ओठ मात्र हलत होते. घाटाच्या पायथ्याशी एकच टक आला, अगदी हळू. पुढचा आलाच नाही. इंजिन सलग, गोल आवाजात चालायला लागलं. मामानं आयुष्यभर हाच आवाज चांगला मानला होता.

तेव्हा समोरच्या सीटच्या चुण्या उलगडल्या. एकेक करून, सावकाश. खोलगट भाग वर आला आणि रेक्झिन सपाट झालं.

“गेला,” लंबू म्हणाला. त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि चढासाठी गिअर खाली टाकला. थोड्या वेळानं म्हणाला, “मिस्त्री, या आता पुढे. जागा झाली.”

“बरा आहे मी इथे,” मामा म्हणाला. घाट चढून, पलीकडे उतरून गाडी परत गॅरेजच्या दारात उभी राहीपर्यंत तो फळीवरून हलला नाही.