संघपालच्या गाडीचा काटा

बडनेरा मागे पडलं तेव्हा इंजिनच्या तापमानाचा काटा बरोबर मधोमध होता आणि संघपाल वाहुरवाघ त्याच्याकडे सातव्यांदा पाहत होता. शेजारच्या सीटवर त्याची बायको माया मांडीवर कागदपत्रांची फाईल धरून बसली होती. अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मे महिन्याचं ऊन डांबरावर नुसतं नाचत होतं. एकच्या आत अकोला गाठायचं होतं.

माया सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स. अठरा वर्षांच्या नोकरीनंतर बढती आली होती आणि बढतीच्या जागा त्या दिवशी अकोल्याच्या कार्यालयात पुकारा करून वाटायच्या होत्या. नाव पुकारलं की उठायचं आणि उरलेल्या जागांमधून आपली निवडायची. हजर नसलेल्याचं नाव यादीच्या शेवटी जाणार, आणि शेवटी काय उरतं हे सगळ्यांना ठाऊक होतं: धारणीच्या पलीकडचं मेळघाट. अमरावतीची जागा एकच होती. मुलगी पायल यंदा बारावीला, तिला सोडून डोंगरात जायची कल्पनाही मायाला सहन होत नव्हती. पुकारा आधी तीनला होता, म्हणून ती बसने जाणार होती. साडेदहाला फोनवर निरोप आला, एकलाच सुरू करणार. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"काढा तुमची गाडी," ती म्हणाली.

'तुमची' हा शब्द ती मुद्दाम वापरायची. घर आपलं, पोरगी आपली, कर्ज आपलं, पण ती गाडी मात्र तुमची.

तिचंही खरंच होतं म्हणा. संघपालचा धंदा कूलरचा. पत्रा कापायचा, गवताच्या जाळ्या भरायच्या, मोटारी बांधायच्या, आणि मार्च ते जून अर्ध्या अमरावतीच्या शिव्या खायच्या. वऱ्हाडात उन्हाळ्यात नवरा रुसला तर चालतो, कूलर रुसलेला चालत नाही. असा हा माणूस दोन वर्षांपूर्वी पुण्याला एका ओळखीच्याकडे गेला आणि येताना ट्रेलरवर घालून एक गडद निळी, दोन सीटांची, छप्पर मागे दुमडून ठेवणारी जर्मन गाडी घेऊन आला. पंधरा वर्षं जुनी. कुणा श्रीमंताच्या पोराने ती हौसेने घेतलेली, मग ती सारखी तापायला लागली म्हणून फुकापासरी काढून टाकलेली. नव्या साध्या गाडीपेक्षाही स्वस्त. गल्लीतले लोक म्हणाले, हत्ती स्वस्त मिळते, त्याचा चारा मिळत नाही.

संघपालने चाराही मिळवला. नागपूरच्या भंगारातून पंप आणला. पंखा चालू-बंद करणारा रिले कंपनीचा मिळेना, तर कूलरच्या दुकानातलाच बसवला आणि तो चालला. या गाडीच्या पोटात बोअरचं पाणी चालत नाही हे तो कुणी सांगायच्या आधीच ओळखून होता. पाण्याने काय काय खराब होतं हे कूलरवाल्याला कुणी शिकवायचं? दुकानातल्या एसीतून ठिबकणारं मऊ पाणी तो कॅनमध्ये साठवायचा, त्यात हिरवं कूलंट मिसळायचा आणि तेच इंजिनच्या पाण्याच्या टाकीत घालायचा. गाडी तापायची थांबली. पुण्याच्या मोठ्या मोठ्या गॅरेजांना जे जमलं नाही ते आपण केलं, या आनंदात त्याची छाती शर्टात मावत नव्हती. दर रविवारी तो ती गाडी घेऊन दर्यापूरकडच्या आपल्या गावी, वडलांना भेटायला जायचा. सोमवारी सकाळी झाकण न उघडता बाहेरूनच टाकी पाहायचा. पाण्याची पातळी एक रेघही उतरलेली नसायची.

पण मायाची अट होती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी ती भरतीच्या परीक्षेला निघाली असताना संघपालची जुनी व्हॅन मूर्तिजापूरच्या अलीकडे बंद पडली होती. परीक्षा बुडाली, पुढची भरती दोन वर्षांनी निघाली. ती तेव्हाही ओरडली नव्हती आणि पुढे कधी तिने तो विषयही काढला नाही. निळी गाडी दारात उतरली तेव्हा मात्र ती सरळ म्हणाली, "ठेवा. पण एकदा जरी रस्त्यात उभी राह्यली, तं त्याच दिवशी इकाची. कबूल?"

"कबूल," संघपाल म्हणाला होता. तेव्हा कबूल म्हणायला काही जात नव्हतं.

तर आज माया पहिल्यांदाच या गाडीतून गावाबाहेर निघाली होती, आणि लोणीच्या पुढे काटा मध्यावरून किंचित सरकला.

किंचितच. दुसऱ्या कुणाला दिसला नसता. संघपालने आरशात पाहण्याचं निमित्त करून पुन्हा पाहिलं. सरकला होता. त्याने एसी बंद केला.

"काहून बंद केला?"

"जरा आराम देतो त्याले. चढ हाय."

रस्ता तव्यासारखा सपाट होता. माया खिडकीबाहेर पाहत राहिली.

वेग वाढवला की वारा लागतो, वारा लागला की काटा उतरतो, हा हिशोब त्याने दोन वर्षं पाळला होता. त्याने वेग वाढवला. काटा दोन मिनिटं थांबला आणि पुन्हा निघाला. असं कधीच झालं नव्हतं. पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता, पंप बरोबर होता, मग पाणी फिरत का नव्हतं? इंजिनमध्ये काहीतरी अडलं होतं आणि काय अडलंय ते त्याला कळत नव्हतं. आपल्याच हाताने केलेलं काम आपल्याला कळू नये याची त्याला भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

मूर्तिजापूरजवळ कांद्याचा ट्रक आडवा झाला होता. एकाच बाजूने वाहतूक सोडत होते. गाड्यांची रांग मुंगीच्या चालीने सरकत होती. वारा बंद. काटा आता तांबड्या पट्ट्यापासून दोन बोटांवर आला. आता एकच उपाय उरला होता आणि तो करायला त्याचा हात धजत नव्हता. शेवटी त्याने डोळे मिटल्यासारखे केले आणि हीटर चालू केला. पूर्ण गरम, पूर्ण जोरात. इंजिनची आग आत ओढून घ्यायची, म्हणजे तेवढाच त्याचा जीव हलका होतो.

बाहेर पंचेचाळीस डिग्री. अर्ध्या अमरावतीला थंडावा विकणारा माणूस बायकोच्या तोंडावर भर उन्हाळ्यात भट्टी सोडून बसला होता.

"आता हे काय व्हय?" माया पदराने वारा घेत म्हणाली.

"एसी गेला वाट्टे."

"गेला तं थंडी जाईन. गरम काहून येऊन राह्यलं?"

त्याने बटण दाबून छप्पर मागे दुमडलं, निदान आतली हवा बाहेर जावी म्हणून. आता डोक्यावर ऊन आणि पायावर भट्टी. शेजारच्या टेम्पोतल्या दोघांनी वाकून पाहिलं. मोठ्या लोकांचे शौक, असं त्यांच्या तोंडावर दिसत होतं. बारा वाजून गेले होते. मायाचा चेहरा तांबडाबुंद झाला होता, पण तिने फाईलवरची पकड सोडली नव्हती. नंतर तिने बोट पुढे केलं.

"हा काटा कायचा हाय?"

"पेट्रोलचा," संघपाल म्हणाला.

रांग सुटली, गाडीने वेग घेतला, काटा अंगठ्याएवढा खाली आला आणि संघपालने सोडलेला श्वास तिला ऐकू आला असणार. एक किलोमीटर गेला. दोन गेले. काटा पुन्हा चढायला लागला.

"बावीस वर्षं संसार केला मी तुमच्यासंगं," माया म्हणाली. "पेट्रोलचा काटा चालत्या गाडीत वर चढते का कधी?"

तिचं सगळं आयुष्य रात्रपाळीत पेशंटच्या उशाशी आकडे वाचण्यात गेलेलं. तिला काटा वाचता येणार नाही हे संघपालने कसं धरलं कोण जाणे.

कुरणखेड जवळ आलं. अकोला अजून पंचवीस किलोमीटर. काटा तांबड्याला टेकला होता. आता असंच दामटलं तर कदाचित गाडी अकोल्याला पोचली असती. कार्यालयाच्या दारात मायाला उतरवलं असतं, गाडी रस्त्यात थांबली नाही म्हणून अट मोडली नसती, आणि गाडी राहिली असती. पण राहिलं काय असतं? आतलं सगळं वाकून, जळून गेलं असतं, उरला असता नुसता निळा पत्रा. आणि ती मध्येच जळाली असती तर माया ना बसजवळ, ना गावाजवळ, उजाड रानात उभी राहिली असती. दुसऱ्यांदा. थांबलो तर गाडी जाते, नाही थांबलो तर गाडी मरते आणि बायकोची जागाही जाते. एवढा सोपा हिशोब, पण तो त्याने तीनदा करून पाहिला.

फाट्यावर बसथांबा दिसला. त्याने गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवली. इंजिन थांबलं, पंखा तेवढा एकटाच घरघरत राहिला.

"उतर," तो म्हणाला. "अथून बस भेटते. मी खोटं बोललो तुह्यासंग."

"मले मालूम हाय," माया म्हणाली.

सात मिनिटं बस आली नाही. ती सात मिनिटं संघपाल रस्त्याच्या मधोमध जवळजवळ आडवा उभा होता. अकोल्याची लाल बस दिसली तेव्हा त्याने दोन्ही हात असे हलवले की ड्रायव्हरला वाटलं अपघातच झाला. माया चढली. दारातून वळून तिने पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.

"डोक्शावर घ्या. ऊन लागन," एवढंच ती म्हणाली.

मग तो निंबाखाली बसला. तासभर बसला. एक वाजला, सव्वा वाजला. फोन करायची हिंमत नव्हती. गाडी निवली तेव्हा उठून त्याने फडक्याने टाकीचं झाकण फिरवलं. झाकणाच्या आत पांढरी खपली बसली होती. हिरवं पाणी फिकं पडून ताकासारखं झालं होतं. त्याने नखाने खपली काढली आणि जिभेच्या टोकाला लावली.

खारट.

अशी खपली त्याने हजार कूलरांच्या जाळ्यांतून खरवडून काढली होती. खारपाणपट्ट्याचं पाणी. अमरावतीच्या पाण्याने असं होत नाही. असं पाणी त्याच्या गावच्या बोअरला लागतं, दर्यापूरकडे, जिथे माणसं ते पितात तर दात झिजतात आणि पितळी भांड्यात ठेवलं तर भांडं पांढरं पडतं.

आणि मग त्याला सगळं कळलं. रविवारी गावी पोचल्यावर इंजिन निवावं म्हणून तो बॉनेट उघडं ठेवायचा आणि जेवून तासभर झोपायचा. बाहेर गाडीपाशी त्याचे वडील पुंजाजी बाजेवर बसून असायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला गाडी दाखवत. पुंजाजींनी तीस वर्षं दुसऱ्याच्या गोठ्यात सालदारी केली, दुसऱ्याचे बैल धुतले, पाजले. स्वतःचं जनावर दावणीला कधी बांधता आलं नाही. कुठल्यातरी रबरी नळीतून पाणी थेंब थेंब गळत होतं आणि म्हातारा दर रविवारी बोअरच्या पाण्याचा तांब्या ओतून ते भरून देत होता. टाकीची पातळी संघपालच्या कारागिरीने राहिलीच नव्हती. ज्या कामाच्या जोरावर तो दोन वर्षं छाती काढून फिरला, ते वडलांच्या तांब्यावर चाललं होतं, आणि त्याच तांब्याने इंजिनच्या नसा मिठाने बुजवल्या होत्या.

दोन वाजता फोन वाजला.

"भेटली," माया म्हणाली. आवाज रडका होता. "अमरावतीच भेटली. अकरावा नंबर व्हता माहा, आठवा चालू असताना पोचली मी."

संघपाल नुसता हुंकारला.

"गाडी कशी हाय?"

"हाय उभी."

"आयका," ती थोडं थांबून म्हणाली, "ती काई बंद नाई पडली. तुमी सोता थांबवली. मंग अटीत बसत नाई ते."

तिने हे म्हणावं याचं त्याला इतकं भरून आलं की त्याने फोन क्षणभर छातीशी धरला. बावीस वर्षांत तिने त्याला दिलेली ही पहिली सूट होती, आणि ती त्याला घेता येत नव्हती.

"नाई, माया," तो म्हणाला. "आपल्यात वकिली नको."

गाडी टो करून नेली. नागपूरच्या एका माणसाने सुट्या भागांसाठी ती उचलली. ती ट्रेलरवर चढत असताना संघपाल दुकानात मागे, गवताच्या गठ्ठ्यांआड जाऊन उभा राहिला. पायलने पाहिलं, पण शहाणी पोर, तिने नजर वळवली.

त्या रविवारी तो मोटारसायकलने गावी गेला. पुंजाजी बाजेवर बसले होते. त्यांनी रस्त्याच्या वळणापर्यंत नजर टाकली, मागून आणखी काही येतंय का म्हणून.

"गाडी कोठी हाय गा?"

"इकली, बाबा."

म्हातारा हात गुडघ्यांवर ठेवून समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिला. तिथे मातीत अजून रुंद चाकांच्या खुणा होत्या.

"काहून इकली? काई बिघाड झाल्ता काय तिच्यात?"

"जुनी झाल्ती."

"मी तं तिले दर आइतवारी पाणी पाजत व्हतो," पुंजाजी म्हणाले. आवाजात थोडी तक्रार होती, थोडा अभिमान. "तू झोपला का गुपचूप देत जाव. मुकं जनावर, मांगत नाई. तुले सांगतलं नाई, तू म्हणशीन बुढा कायले हात लावते. काई चुकलं तं नाई ना बापा माह्यं?"

संघपाल बाजेवर त्यांच्या शेजारी बसला. त्याने वडलांच्या हाताकडे पाहिलं.

"नाई, बाबा," तो म्हणाला. "म्हणूनच तं इतके दिवस चालली."