आईनं वाटून टाकलेल्या गोळ्या

कुंडल गाव सोडलं त्या सकाळी आईनं माझ्या हातावर दही घातलं आणि करवादली, "मुंबईत जाऊन सुया टोचायला शिकणार व्हय रं?" आदल्या साली पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, सुई टोचून तिचा दंड लय सुजला होता. तेव्हापासून ती सुईच्या नावानं बोटं मोडायची. लढाईचे दिवस होते, नोकरी मिळाली होती ती लस बनवणाऱ्या प्रयोगशाळेत. मी वळकटी उचलून निघालो.

तिथं आमच्या साहेबांनी पटकीची लस गोळीतून द्यायचा ध्यास घेतला होता. सकाळी उपाशीपोटी गिळायची, सुईची भानगडच नाही! गुण येईल की नाही हे साहेबांनाही ठाऊक नव्हतं. पण मी हरखलो. आईला सुई नको, तर निदान गोळी तरी!

पुढं गावाकडं पटकीची साथ आली. साहेबांना विचारून आईपुरत्या गोळ्या घेतल्या आणि गाडी पकडली. वाटभर जीव थाऱ्यावर नव्हता. आई धडधाकट दिसली तेव्हा कुठं श्वास घेतला. गोळ्या तिच्या हाती दिल्या, नीट बजावलं आणि झोपलो.

सकाळी बघतो तर काय, बाईनं गोळ्या कुटून, गुळात कालवून अख्ख्या भावकीत चिमूटचिमूट वाटल्या होत्या!

माझं टाळकंच फिरलं. "आये, चिमटीनं काय हुतंय? मरशील की गं!"

"मग पोरांच्या देखत एकलीनं गिळू व्हय? मला न्हाई जमत."

दुपारी शेजारच्या चुलतीला जुलाब सुरू झाले. लस टोचणारा आला, तर गल्लीत कुणी दंड पुढं करीना. "आमी औषिद घेतलंय की!" जो तो हेच सांगायचा.

आईनं ते ऐकलं. तिचा चेहरा पार उतरला. ती तडक ओसरीवर येऊन बसली, बाही वर केली आणि ओरडली, "त्या चिमटीनं काय बी हुत न्हाई! ही सुई घ्या सगळ्यांनी. टोच रं बाबा, मला आदी." सुई गेली तशी ती थरथरली, पण हात मागं घेतला नाही. मग एकेक दार उघडलं.

चुलती वाचली नाही. आई वाचली.

गावाकडच्यांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, मी अजून मुंबईतच आहे. भिंतीपलीकडं कोण खोकतं, मला ठाऊक नाही. आजारी पडलो की दार लावून माझी गोळी मी एकटा गिळतो. घर तिकडंच राहिलं, जिथं आईला असं एकटीनं गिळणं जमलं नाही.